खडकवासल्याच्या दारातली प्रतीक्षा

केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा, साधारणतः ऑक्टोबरच्या आणि एप्रिलच्या आसपास, एक यादी जाहीर करतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजेच खडकवासल्याच्या एनडीएच्या आगामी तुकडीसाठी गुणानुक्रमे पात्र ठरलेल्या उमेदवारांची ती यादी असते. ज्या घरातील मुलाचे वा मुलीचे नाव तीत येते, तेथे पेढे वाटले जातात, चौकात फ्लेक्स लागतो, स्थानिक पुढारी सत्काराला येतात आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर 'एनडीएत निवड' या मथळ्याखाली छायाचित्र छापून येते. या धामधुमीत एका वाक्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आयोगाने यादीसोबतच नमूद केलेले असते की, ही यादी तयार करताना वैद्यकीय तपासणीचे निकाल विचारात घेतलेले नाहीत आणि यादीतील सर्वांची उमेदवारी तात्पुरती आहे.

२०२४ मधील पहिल्या परीक्षेची यादी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लागली, तेव्हा तीत ६४१ नावे होती. जागा होत्या ४००. त्यापैकी ३७० खडकवासल्याच्या आणि ३० केरळमधील एळिमला येथील नौदल प्रबोधिनीच्या. उरलेल्या २४१ जणांचे काय, या प्रश्नाचे उत्तर यादीत नसते. सत्कार स्वीकारणाऱ्या मुलालाही ते ठाऊक नसते. ते त्याला डिसेंबरच्या अखेरीस कळते. रुजू होण्याचे पत्र आले तर पत्राने आणि आले नाही तर तुकडीचे प्रशिक्षण सुरू झाल्याच्या बातमीने.

प्रवेशाच्या निर्णयाची वाट पाहणे हे आपल्या मध्यमवर्गीय घरांना नवे नाही. बारावीचा निकाल, प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या यांत प्रत्येक घराचे एक-दोन उन्हाळे गेलेले असतात. परंतु त्या प्रतीक्षेला निदान वेळापत्रक असते. पहिली फेरी कधी, दुसरी कधी, मागील वर्षी कोणत्या महाविद्यालयात कितव्या गुणांवर प्रवेश थांबला, हे सारे उघड असते. लष्करी प्रबोधिनीच्या प्रवेशाची प्रतीक्षा याहून लांब, अनेक पदरी आणि बऱ्याच अंशी मुकी आहे. तिचा मुकेपणा कितपत अपरिहार्य आहे आणि कितपत केवळ सवयीचा, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

आधी या प्रवासाचे टप्पे पाहू. एप्रिलमध्ये लेखी परीक्षा होते: गणित ३०० गुणांचे, सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची. लाखो मुले ती देतात. मे महिन्याच्या सुमारास लेखी निकाल लागतो आणि जागांच्या कित्येक पट मुलांना सेवा निवड मंडळाच्या, अर्थात एसएसबीच्या मुलाखतीसाठी पात्र ठरवले जाते. ही केंद्रे प्रयागराज, भोपाळ, बंगळूर, देहरादून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशी देशभर विखुरलेली आहेत. तेथे पाच दिवस मुक्काम करायचा असतो. पहिल्या दिवशीच्या चाळणीत मोठा गट बाद होतो आणि त्याच दिवशी परतीच्या रेल्वेत बसतो. उरलेल्यांची मानसशास्त्रीय चाचणी, मैदानावरील गटकार्य आणि प्रत्यक्ष मुलाखत होते. दर पंधरा सेकंदांना एक, असे साठ शब्द समोर येतात आणि प्रत्येकावर मनात आलेले पहिले वाक्य लिहायचे असते. ही चाचणी प्रसिद्धच आहे. या साऱ्याला ९०० गुण आहेत, म्हणजे लेखी परीक्षेइतकेच वजन. पाचव्या दिवशी मंडळाचे सर्व सदस्य एकत्र बसतात, एकेका उमेदवाराला दोन-चार मिनिटे समोर बोलावतात आणि त्यानंतर छातीवरचे क्रमांक पुकारले जातात. कधी वीस-पंचवीसांतून तीन, कधी एक, कधी एकही नाही.

एसएसबीच्या या पद्धतीवर पुष्कळ टीका झालेली आहे. मला ती टीका सर्वस्वी पटत नाही. साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या मुलांमधून पुढे माणसांच्या जिवाची जबाबदारी घेणारे अधिकारी निवडायचे, तर केवळ लेखी गुण पुरेसे नाहीत हे उघड आहे. शिवाय येथे निकाल त्याच दिवशी, तोंडावर सांगितला जातो. नकार मिळालेला मुलगा सामान उचलून निघतो. त्याला किमान कळलेले तरी असते. खरी प्रतीक्षा सुरू होते ती होकार मिळालेल्याची.

क्रमांक पुकारला गेलेल्या मुलाला लष्करी रुग्णालयात वैद्यकीय तपासणीसाठी थांबवून घेतले जाते. खेड्यापाड्यांतून आलेल्या, आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी न चढलेल्या धडधाकट मुलांनाही येथे धक्का बसतो. वजन उंचीच्या प्रमाणात दोन-चार किलो जास्त, कानात मळ, नाकाचा पडदा तिरका, तळवे सपाट, उभे राहिल्यावर गुडघे एकमेकांना टेकतात, रंग ओळखण्यात गफलत; यातील एखादा शेरा बसला की 'तात्पुरता अपात्र' किंवा 'कायमचा अपात्र' असा शिक्का पडतो. पहिल्या प्रकारातील मुलाला अपील वैद्यकीय मंडळापुढे जाण्यासाठी ४२ दिवसांची मुदत मिळते. मग त्या सहा आठवड्यांत वजन उतरवायचे, नाही तर नाकाची शस्त्रक्रिया करून घ्यायची. पुण्या-मुंबईतील कान-नाक-घसा तज्ज्ञांना हे रुग्ण चांगलेच परिचयाचे आहेत. पालक शस्त्रक्रियेचा खर्च करतात, मुलगा बारा दिवसांनी पुन्हा धावायला लागतो, आणि हे सर्व अशा जागेसाठी, जी मिळणार की नाही हे अजून कोणीही सांगितलेले नाही. अंतिम यादीच मुळी लागायची असते.

हवाई दलात वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक पदर येतो. वैमानिकाची संगणकीकृत योग्यता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तीत अपयश आले की ते दार कायमचे बंद होते. सतराव्या वर्षी, एका सकाळी, आयुष्यभरासाठी. तरीही मी म्हणेन की हा निर्दयपणा प्रामाणिक आहे. नियम आधी सांगितलेला असतो, निकाल लगेच मिळतो आणि मुलगा दुसऱ्या सेनादलाचा विचार करायला मोकळा होतो.

यानंतर यादी येते आणि येथूनच व्यवहार दोन दारांत विभागला जातो. यादी लोकसेवा आयोगाची. रुजू होण्याचे पत्र देणार लष्कराचे भरती संचालनालय. गुणानुक्रम लावून दिला की आयोगाचे काम जवळपास संपते. त्यापुढे प्रत्येक उमेदवाराने भरलेला सेनादलांचा पसंतीक्रम, त्या त्या दलातील जागा, वैद्यकीय पात्रता आणि गुणानुक्रम या चौघांचा मेळ घालून पत्रे निघतात. अलीकडच्या वर्षांत एका तुकडीत भूदलाच्या २०८, हवाई दलाच्या १२० आणि नौदलाच्या ४२ जागा असतात. त्यामुळे यादीतील ३९० क्रमांकाच्या मुलाला भूदल मिळू शकते आणि २५० क्रमांकाचा, केवळ हवाई दलाची पसंती भरलेला मुलगा बाहेर राहू शकतो. वरच्या क्रमांकांपैकी किती जण वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरले, किती जण आयआयटीत गेले, किती जणांनी ऐनवेळी मन बदलले, यावर खालच्यांचे भवितव्य अवलंबून असते.

म्हणून यादी लागल्यानंतरच्या आठवड्यांत ही मुले एक विलक्षण उद्योग करतात. एसएसबीच्या पाच दिवसांत जमलेल्या ओळखींतून, एकमेकांना विचारत, ती स्वतःची यादी तयार करतात. अमुक क्रमांकाचा मुलगा अपील मंडळात नापास झाला, तमुक मुलीने नौदल पहिले भरले आहे, कानपूरच्या एकाने अभियांत्रिकी सोडणार नाही असे सांगितले. वही-पेन्सिल घेऊन, नाही तर व्हॉट्सअॅपवर, कोण गळाले आणि आपण किती वर सरकलो याचा हिशेब चालतो. स्पर्धेत एकमेकांसमोर उभी राहिलेली मुले एकमेकांना माहिती पुरवतात, ही गोष्ट सुखावणारी आहे. त्यांच्यातील गटभावना जोखण्यासाठी मंडळाने पाच दिवस खर्च केले होते. ती भावना येथे आयतीच दिसते. पण हे काम मुलांनी का करावे? ज्या कार्यालयाकडे ही सारी माहिती अधिकृतपणे आहे, त्याने ती प्रसिद्ध का करू नये?

माहितीची पोकळी फार काळ रिकामी राहत नाही. शिकवणी वर्गांचे चालक 'यंदा अमुक क्रमांकापर्यंत पत्रे जातील' असे भाकीत छातीठोकपणे करतात. नात्यातले निवृत्त सुभेदार 'माझी दिल्लीत ओळख आहे' म्हणून सांगतात. बहुतेक वेळा ते चांगल्या मनाने बोलत असतात, काही वेळा नसतात. संरक्षण दलांत भरतीच्या नावाखाली फसवणुकीचे गुन्हे महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांत वारंवार नोंदवले जातात. एनडीएचा प्रवेश पैशाने होत नाही हे सुशिक्षित पालकाला माहीत असते. परंतु डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, पत्राची वाट पाहून थकलेल्या घरात, त्या माहितीचा जोर काहीसा कमी झालेला असतो.

या प्रतीक्षेची किंमत रुपयांतही मोजता येते, आणि शहरी वाचकाला तो हिशेब लगेच समजेल. एप्रिलची परीक्षा दिलेला मुलगा बहुधा त्याच वर्षी बारावी झालेला असतो. राज्यातील अभियांत्रिकीच्या प्रवेश फेऱ्या पावसाळ्यात चालतात. तो एसएसबी देत असतानाच त्याला महाविद्यालय निवडून शुल्क भरावे लागते, कारण एनडीए नाही मिळाली तर वर्ष वाया जाऊ नये. ऑक्टोबरमध्ये यादी लागते तोपर्यंत प्रवेश रद्द करून पूर्ण पैसे परत घेण्याची मुदत उलटून गेलेली असते. जानेवारीत पत्र आले तर पहिल्या सत्राचा अभ्यास आणि शुल्काचा मोठा भाग, दोन्हींवर पाणी सोडावे लागते. पत्र आले नाही, तर ज्या अभ्यासात चार महिने मन नव्हते तोच पुढे रेटायचा. खासगी महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क लाखाच्या घरात असते. लष्करी प्रबोधिनीतील शिक्षण व निवास यांचा खर्च सरकार करते, म्हणून साताऱ्या-सांगलीकडच्या, बुलडाण्या-जळगावच्या सामान्य शेतकऱ्याला किंवा एसटीच्या वाहकाला आपल्या मुलाने तेथे जावे असे वाटते. नेमक्या त्याच माणसाला ही दुहेरी रक्कम गुंतवणे जड जाते. ज्याला ते परवडत नाही, तो मुलाला कोठेही प्रवेश न घेता घरी बसवतो. मग पत्र न आल्यास अख्खे वर्ष जाते.

सप्टेंबरची परीक्षा देणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. त्यांची यादी एप्रिलच्या आसपास लागते आणि तुकडी जुलैच्या सुमारास रुजू होते, त्यामुळे शुल्काचा पेच सौम्य असतो. मात्र त्यांच्या मुलाखती बारावीच्या परीक्षेच्या आणि जेईईच्या हंगामात येतात. प्रश्नपत्रिका सोडवायची की भोपाळची गाडी पकडायची, असा प्रसंग दरवर्षी कोणावर तरी येतोच. मुलाखतीची तारीख निवडण्याची वा बदलून घेण्याची सोय काही प्रमाणात असते, हे मान्य केले पाहिजे.

लष्कराची बाजू समजून घेणेही आवश्यक आहे. यादीत जागांपेक्षा अधिक नावे असणे ही चूक नाही, ती गरज आहे. वैद्यकीय गळती आणि इतर अभ्यासक्रमांकडे जाणारे उमेदवार यांचा अंदाज आधी करता येत नाही. यादी जेमतेम चारशेची केली तर खडकवासल्यात जागा रिकाम्या राहतील. भूदलात अधिकाऱ्यांची कमतरता हजारोंच्या घरात असल्याचे संरक्षण मंत्रालयाने संसदेत दिलेल्या उत्तरांतून अनेक वर्षे दिसत आले आहे, तेव्हा एकही जागा वाया घालवणे परवडणारे नाही. अपील मंडळांचे निकाल येईपर्यंत कोणाला पत्र द्यायचे हे ठरवताही येत नाही. म्हणजे काही आठवड्यांची अनिश्चितता या पद्धतीच्या पोटातच आहे. तक्रार या अनिश्चिततेबद्दल नाही. ती चालू असताना बाळगल्या जाणाऱ्या मौनाबद्दल आहे. मागच्या चार तुकड्यांत प्रत्येक दलाची पत्रे कितव्या क्रमांकापर्यंत गेली होती, एवढा साधा तक्ता यादीबरोबर छापला तरी ५८० क्रमांकाचा मुलगा आपल्या मनाची तयारी करू शकेल आणि ४१० क्रमांकाचा मुलगा महाविद्यालय सोडायचे की नाही याचा विचार डोळसपणे करील. यात कोणतेही लष्करी गुपित उघड होत नाही. उमेदवारांचे गुण आयोग आजही निकालानंतर संकेतस्थळावर टाकतोच. पलीकडच्या दारातून तेवढाच उजेड यावा, इतकीच अपेक्षा आहे.

कायदा या मुलांना फारसा आधार देत नाही. शंकरसन दाश खटल्यात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, गुणवत्ता यादीत नाव आल्याने नेमणुकीचा निरपवाद हक्क निर्माण होत नाही. मात्र त्याच निकालात, सरकारला मनमानी करण्याची मुभाही नाही, असे बजावलेले आहे. याच तत्त्वाचा चटका २०२२ मध्ये जवानांच्या भरतीतील हजारो तरुणांना बसला. करोनाकाळात थांबलेल्या भरतीतील शारीरिक व वैद्यकीय चाचण्या पार करून ती मुले लेखी परीक्षेची किंवा नेमणुकीच्या यादीची वाट पाहत होती. त्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली आणि जुनी प्रक्रिया रद्दच झाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. सुमारे दोन वर्षे पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलांची प्रतीक्षा कोणत्याही निर्णयाविना संपली. अधिकारी भरतीत असे काही घडलेले नाही हे खरे. एनडीएची २०२० ची एप्रिलमधील परीक्षा सप्टेंबरवर गेली आणि वर्षातील दोन्ही परीक्षा एकत्र घ्याव्या लागल्या, पण त्या झाल्या.

मुलींची गोष्ट आणखी निराळी. त्यांची प्रतीक्षा मुळात प्रबोधिनीच्या वयाइतकीच जुनी होती. पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी खडकवासल्यात कोनशिला बसवली, जानेवारी १९५५ मध्ये प्रबोधिनीचे औपचारिक उद्घाटन झाले आणि तेव्हापासून २०२१ पर्यंत मुलींना परीक्षेचा अर्जच भरता येत नव्हता. १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने ते दार उघडले. सरकारने तयारीसाठी मे २०२२ पर्यंत मुदत मागितली, तेव्हा न्यायालयाने मुलींची आशा आणखी लांबवण्यास नकार दिला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला झालेल्या परीक्षेला मुली बसल्या. जागा मात्र निघाल्या अवघ्या १९. दुसऱ्या वर्षीही तोच आकडा का, असे न्यायालयाने सरकारला विचारले होते. पहिल्या तुकडीतील १७ मुली ३० मे २०२५ रोजी खेत्रपाल मैदानावरील दीक्षान्त संचलनातून बाहेर पडल्या. जागांचा आकडा दरम्यान थोडा वाढला आहे, पण तो अजूनही वेगळा आणि लहान आहे. त्यामुळे यादीत मुलीचा एकूण क्रमांक कितवा, यापेक्षा मुलींमध्ये कितवा, हेच तिच्यासाठी निर्णायक असते. मुलांची अनिश्चितता शंभर-दीडशे क्रमांकांच्या पट्ट्यात असते, मुलींची चार-पाच क्रमांकांच्या. वरच्या एकीने मन बदलले की खालचीचे आयुष्य बदलते.

परदेशी व्यवस्थेचे दाखले द्यायची आपल्याकडे खोड आहे, तरीही एक तुलना येथे उपयोगी पडेल. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट (स्थापना १८०२) आणि अॅनापोलिस (१८४५) या प्रबोधिन्यांत प्रवेशासाठी बहुतेक उमेदवारांना आपल्या भागातील काँग्रेस सदस्याचे किंवा सिनेटरचे नामनिर्देशन मिळवावे लागते. लोकप्रतिनिधीच्या शिफारशीवर लष्करी प्रबोधिनीचे दार उघडणे आपल्याकडे किती भयंकर ठरेल, याची कल्पनाच पुरे. या बाबतीत आपली लोकसेवा आयोगाची चाळणी निःसंशय उजवी आहे. परंतु तेथे प्रतीक्षेची व्यवस्था लावलेली आहे. उत्तम उमेदवारांना, इतर अटी पूर्ण केल्यास प्रवेश निश्चित, असे आश्वासनपत्र हिवाळ्याआधीच दिले जाऊ शकते. बाकीच्यांचे निर्णय टप्प्याटप्प्याने येतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक चित्र स्पष्ट होते, कारण देशातील इतर विद्यापीठांना होकार कळवण्याची रूढ तारीख १ मे आहे. तेथील मुलेही टपालपेटीकडे डोळे लावून बसतातच. फरक इतकाच की त्यांच्या प्रबोधिन्यांचे पंचांग नागरी विद्यापीठांच्या पंचांगाशी जुळवलेले आहे.

आपल्याकडे हे पंचांग दिल्लीतून जुळेल तेव्हा जुळेल. महाराष्ट्राला काही गोष्टी स्वतःच्या अधिकारात करता येण्याजोग्या आहेत. एनडीए आपल्या भूमीवर, सिंहगडाच्या पायथ्याशी असूनही तीत मराठी मुले कमी, ही आपली जुनी खंत. ती दूर व्हावी म्हणून राज्याने १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. २०२३ मध्ये नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था सुरू झाली. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात उभी राहिली. मुलांना एसएसबीच्या दारापर्यंत नेण्यासाठी राज्य सार्वजनिक पैसा खर्च करते. मग दारातून आत जाईपर्यंतच्या सहा महिन्यांचीही त्याने थोडी काळजी घ्यावी. एसएसबीने शिफारस केलेल्या उमेदवाराला, त्याचे शिफारसपत्र पाहून, अभियांत्रिकी वा अन्य महाविद्यालयातील प्रवेश जानेवारीपर्यंत रद्द करता यावा आणि शुल्क परत मिळावे, एवढा नियम करायला केंद्राच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये. राज्यात अशी मुले दरवर्षी फार तर काही शेकडा असतील. तिजोरीवर किंवा महाविद्यालयांवर त्याचा भार नगण्य आहे.

ज्यांना पत्र येते, त्यांना ते बहुधा शेवटच्या काही आठवड्यांत येते. सामानाची यादी, कागदपत्रे, रुजू होण्याची तारीख. धावपळीत दिवस जातात आणि मुलगा पुण्याच्या गाडीत बसतो. ज्यांना येत नाही, त्यांना बहुतेकदा काहीच येत नाही. नकाराचे पत्र काढण्याची प्रथा नाही. प्रशिक्षण सुरू झाल्यानंतरही जागा उरल्यास एखाद्याला उशिरा बोलावणे आल्याच्या कथा ऐकिवात असतात आणि त्यांच्या आधारे काही घरांत जानेवारीचाही बराचसा भाग आशेवर काढला जातो. 'या तारखेनंतर कोणालाही पत्र जाणार नाही' अशी एक ओळ संकेतस्थळावर आली, तरी ती घरे मोकळी होतील.

त्यानंतर प्रश्न वयाचा उरतो. तुकडी सुरू होताना साडेएकोणीस वर्षांच्या आत असलेला मुलगा पुन्हा अर्ज भरू शकतो. मात्र एका यादीतील शिफारस पुढच्या यादीत चालत नाही. त्याला लेखी परीक्षा पुन्हा द्यावी लागते आणि ती उत्तीर्ण झाल्यावर पुन्हा पाच दिवसांसाठी भोपाळला किंवा बंगळूरला जावे लागते. तेथे छातीवर नवा क्रमांक मिळतो आणि चाळणी पहिल्या दिवसापासून सुरू होते. मागच्या वेळी ज्या मंडळाने त्याला अधिकारीपदास योग्य ठरवले होते, त्याचा निर्णय या वेळी जमेस धरला जात नाही.